मेजरच्या पोटाच्या तारा

कुत्र्याच्या विष्ठेवर बोलण्याचा जेवढा अधिकार मला आहे तेवढा रत्नागिरी जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला असेल असं मला वाटत नाही. हा अधिकार मी अर्ज करून मिळवलेला नाही. प्रांताच्या कचेरीत इमानेइतबारे कारकुनी करणाऱ्या, स्वच्छ धोतर नेसणाऱ्या आणि चारचौघांत भिकाजीराव सुर्वे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थाच्या वाट्याला तो सरकारकडूनच आला.

सन तीसचा भाद्रपद होता. आमचे हेडकारकून पेन्शनीत निघाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर दोघे जण डोळा ठेवून होते. एक मी आणि दुसरा केरू मयेकर. ज्याला खुर्ची मिळणार नाही त्याची बदली खेडला, हेही ठरल्यासारखंच होतं. खेड वाईट गाव आहे असं माझं म्हणणं नाही. जगबुडी नदी आहे, बाजार आहे, माणसंही असतील. पण रोज संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर वारा खाल्ल्याशिवाय मला अन्न पचत नाही. शिवाय वडलांनी बांधलेलं घर सोडून आपण कुठेही येणार नाही, असं आईने बजावून ठेवलं होतं. तेव्हा ती खुर्ची मला हवी होती, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नव्हतं.

आमचे प्रांतसाहेब हॉब्सन नावाचे होते. मराठीची परीक्षा ते पास झाले होते आणि व्याकरणाच्या पुस्तकात असतं तसंच मराठी बोलत. बायको विलायतेत असल्यामुळे त्यांचा सगळा जीव मेजर नावाच्या कुत्र्यावर होता. पांढरं अंग, तपकिरी ठिपके, जमिनीला टेकायला आलेले कान आणि चेहऱ्यावर कायम पेन्शनर माणसाचं दुःख. इतक्यात खेडकडे गुरांमध्ये बुळकांडीची साथ आल्याची वर्दी आली आणि साहेबांना तातडीने तिकडे मुक्कामाला जाणं भाग पडलं. खानसामा बरोबर जाणार, आणि मेजरचं पोट नाजूक, त्याला पावसातला तो प्रवास सोसणारा नव्हता. साहेब चिंतेत पडले. मयेकरने बोलायला तोंड उघडलेलं मी पाहिलं आणि त्याच्या आधी म्हणालो, "साहेब, मेजर माझ्या घरी राहील. मला कुत्र्यांची फार आवड आहे."

ही आवड मला त्याच क्षणी निर्माण झाली होती. मयेकरचं तोंड उघडंच राहिलं आणि त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

निघण्यापूर्वी साहेबांनी मला बंगल्यामागे नेलं. मेजर नुकताच तिथून उठला होता. साहेबांनी छडीचं टोक खाली रोखलं आणि म्हणाले, "सुर्वे, कुत्रा बोलत नाही. तो येथे बोलतो." मग त्यांनी मला ती भाषा शिकवली. तपकिरी आणि घट्ट म्हणजे सर्व क्षेम. डांबरासारखं काळं म्हणजे पोटात वरच्या अंगाला रक्तस्राव. तांबडं म्हणजे खालच्या अंगाला रक्तस्राव. नारिंगी किंवा फिकट म्हणजे यकृताचा घोटाळा. हिरवं म्हणजे गवत खाल्लं किंवा पित्त उसळलं. बुळबुळीत म्हणजे आतड्यांना सूज. पांढरे दाणे दिसले तर जंत. खाणं म्हणजे हाडांचा रस्सा, भात आणि पाव, याखेरीज काहीही नाही. मी रोज सकाळी जातीने पाहणी करायची आणि जरासाही फरक दिसला तर खेडला तार ठोकायची. मेजर धडधाकट परत मिळाला तर साहेब माझी आठवण ठेवणार होते. तो धडधाकट मिळाला नाही तरीही ठेवणार होते.

घरी आईने कुत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पितृपक्षात हाडांचं भांडं घरात चढणार नाही एवढंच बोलली. मग मागील दारी माडाखाली तीन दगड मांडून, एका हाताने छत्री धरून, प्रांत कचेरीचा भावी हेडकारकून स्वतः रस्सा शिजवू लागला. माझी बायको मालन स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहायची आणि पदराने तोंड पुसायची. मला वाटायचं, धूर लागत असेल.

आळीत मी घरोघर जाऊन ताकीद दिली की या कुत्र्याला कोणी शिळं-पाकं काही घालायचं नाही. बायकांनी ते फारच नम्रपणे ऐकून घेतलं. आमच्या आळीतल्या बायका नम्रपणे ऐकून घेतात तेव्हा काहीतरी गडबड असते, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण हेडकारकुनीच्या विचारात तेही मी विसरलो. आणखीही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. श्रावणात पिसाळलेल्या कुत्र्याची आवई उठली होती. तेव्हा आळीने सगळी कुत्री धरून होडीत घातली होती आणि भाट्याच्या खाडीपलीकडे नेऊन सोडली होती. आमच्या भागात औषधालासुद्धा कुत्रा उरला नव्हता. मला ते बरंच वाटलं होतं.

सुरुवातीला मेजरने तपकिरी आणि घट्ट अशी साक्ष दिली. मी त्याला पहाटे गावाबाहेरच्या कातळावर, सड्यावर नेत असे. त्याचं उरकलं की छडीने उलटसुलट करून पाहत असे आणि पाऊस असेल तर पुरावा भिजू नये म्हणून छत्री त्याच्यावर धरून स्वतः भिजत असे. सड्यावर गुरं घेऊन येणारे लोक थांबून बघू लागले. एकाने तर काही हरवलंय काय म्हणून विचारलं आणि शोधायला माझ्या शेजारी वाकला.

मग पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मेजरचं काळं झालं.

काळं म्हणजे वरच्या अंगाला रक्तस्राव. मी धावतपळत घरी आलो तर ओटीवर शेजारचे धाकूशेठ आईशी बोलत बसले होते. धाकूशेठ म्हातारे तांडेल. उमर गलबतावर गेलेली, आणि जगातला प्रत्येक रोग त्यांनी कुठल्या ना कुठल्या बंदरात पाहिलेला. मी सगळं सांगितल्यावर ते क्षणभर आईकडे बघत राहिले.

"काळा म्हंजे काय वाईट न्हाय," ते म्हणाले. "झांजिबारला समद्या कुत्र्यांचा काळाच असतो. तिथली हवाच तशी."

रत्नागिरीची हवा झांजिबारसारखी कधीपासून झाली, हे विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. पलीकडच्या आनंदीबाई आल्या आणि त्यांनी कोणी न विचारता सांगितलं की काळं म्हणजे उष्णता निघून जाते, उलट चांगलंच असतं, आणि काळजीचं तर अजिबात कारण नाही. हे सांगताना त्या माझ्याकडे न बघता तुळशीकडे बघत होत्या.

मी तार ऑफिसात गेलो. साहेबांना इंग्रजीत कळवायचं होतं आणि शब्द मोजके हवे होते, म्हणून 'मेजर आज काळा, खाली घट्ट' अशा अर्थाची तार केली. दुसऱ्या दिवशी 'मेजर आज हिरवा, ढिला'. तिसऱ्या दिवशी 'मेजर नारिंगी, पांढरे दाणे दिसले, हुकमाची वाट पाहतो'. तार मास्तर प्रत्येक वेळी चष्म्यावरून माझ्याकडे जास्त जास्त वेळ पाहू लागले. कुत्रा काळा कसा होतो, असं मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण कुत्र्याचा उल्लेख तारेत कुठेच नव्हता. शिरोड्याला सत्याग्रहींनी मीठ उचलल्यापासून सरकारला साध्या वाक्यातही बंड दिसत होतं, आणि हे वाक्य साधं नव्हतं.

चौथ्या दिवशी कचेरीत फौजदार आले. त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं की हा मेजर कोण, पलटणीतला की स्वयंसेवकांतला, आणि हिरवा, काळा, नारिंगी या खुणा कसल्या. खाली म्हणजे कुठे, जमिनीखाली काय पुरलं आहे, हे त्यांना मुख्यत्वे हवं होतं. मी खालच्या आवाजात खुलासा केला. ते मोठ्याने म्हणाले की ऐकू आलं नाही. मी जरा मोठ्याने सांगितलं. कचेरीत तेव्हा पन्नासभर पक्षकार बसले असतील. मयेकर खोकल्याची उबळ आल्याचं सांगून बाहेर गेला. फौजदारांना मात्र अजून पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतः सड्यावर हजर राहिले, मेजरने त्यांच्यासमोर तांबूस साक्ष दिली, आणि मग कुठे त्यांनी प्रकरण बंद केलं. जाताना ते म्हणाले की तांबडं त्यांच्या मते मूळव्याधीचं असावं, त्यांच्या सासऱ्यांचं असंच होतं.

इकडे खेडहून साहेबांची उलट तार आली. गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. मी मेजरला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मेजरकडे बोट दाखवून विचारलं की हे गुरं या सदरात कुठे बसतं. मी म्हणालो, साहेबांचा कुत्रा आहे. ते म्हणाले, साहेबांचा असला तरी नांगराला चालत नाही आणि दूधही देत नाही, तेव्हा वरून लेखी हुकूम लागेल. हुकूम देणारे प्रांतसाहेब खेडला, आणि त्यांच्याकडे जाणारा कागद माझ्याच टेबलावरून जाणार. अखेर माणुसकी म्हणून डॉक्टरांनी मी केळीच्या पानात बांधून नेलेला ऐवज लांबून पाहिला. मग काडीने त्यातून एक हिरवा तुकडा बाजूला काढला.

"हा केळीची पानं खातो का?"

मी म्हणालो, ते पान माझं आहे, बांधून आणलेलं. ते म्हणाले, बाहेरचं नव्हे, आतलं. मी कपाळाला हात लावला. केळीचं पान खावंसं वाटणं म्हणजे मेंदूपर्यंत गेलं, असं मला वाटलं. डॉक्टरांनी एक दिवस कडकडीत लंघन सांगितलं. पाण्याखेरीज काही नाही, आणि मी उरलेलं पान गुंडाळून घरी आलो.

लंघनाचा दिवस नेमका माझ्या वडलांच्या म्हाळाचा, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाचा होता. मी रजा काढली होती. मेजरला ओटीच्या खांबाला बांधून मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं, आणि आज याच्या पोटात अन्नाचा कण जाता कामा नये असं सगळ्यांना सांगितलं. आत वडे तळले जात होते, काळ्या वाटाण्याचं सांबार उकळत होतं, तांबड्या भोपळ्याची भाजी, आळूचं फदफदं, आमसुलाची चटणी, खीर, सगळं रीतीप्रमाणे. वडील माझे जेवणारे होते. त्यांच्या म्हाळाला काही कमी पडलेलं आईला चालत नसे.

पानं वाढून झाली. कावळ्याचं पान परसात ठेवलं, कावळा लगेच शिवला. गाईचं पान गाईने खाल्लं. मग आई तिसरं पान घेऊन ओटीवर आली आणि सरळ मेजरपुढे ठेवू लागली. मी आडवा आलो. म्हणालो की आज त्याचं लंघन आहे, कुत्र्याचं पान दुसऱ्या कुत्र्याला घाल.

"दुसरा आहे कुठे?" आई म्हणाली. "सगळी नेऊन टाकलीत ना भाट्याला?"

तिने मला बाजूला सारून पान खाली ठेवलं. मला वाटलं, उपाशी जनावर आता झडप घालणार. मेजर जागचा हलला नाही. त्याने पुढचे दोन्ही पाय जुळवले, कान मागे घेतले आणि आईच्या हातातल्या तांब्याकडे बघत गंभीरपणे बसून राहिला. आईने हातावर पाणी घेऊन पानाभोवती फिरवलं. पाणी फिरवून होताच मेजरने मान खाली घातली आणि आधी वडा, मग भाजी, मग सांबार अशा रीतीने जेवायला सुरुवात केली. खीर त्याने शेवटी ठेवली.

विलायती कुत्र्याला हे वळण एका दिवसात लागत नाही, एवढं तर मलाही कळलं. मी विचारलं, "आई, हा किती घरी जेवलाय?"

"सगळ्याच," आई म्हणाली. "पंचमीला आनंदीकडे. सष्टीला धाकूकडे. मग एकेकाकडे, ज्याची तिथी असेल त्याच्याकडे. तू कचेरीत गेलास की मागील दाराने न्यायचे नि आणून सोडायचे. काय करायचं मग? तुझ्या साहेबापायी अख्ख्या आळीचे पितर उपाशी ठेवायचे?"

मी मनात एकेक तार जुळवू लागलो. आनंदीबाईंचे काळे वाटाणे म्हणजे रक्तस्राव. धाकूशेठांच्या घरचं आळू म्हणजे पित्त. कोणाचा तरी तांबडा भोपळा म्हणजे यकृत, कोणाची तरी खीर म्हणजे जंत, आणि कोणाची तरी आमसुलं सरकारचा फौजदार मूळव्याध म्हणून बघत होता. मी खेडला तारा करत होतो त्या रोगाच्या नव्हत्या. आळीत कोणाचा म्हाळ कधी झाला आणि काय काय वाढलं होतं, त्याची सगळी बातमी मी सरकारी खर्चाने प्रांतसाहेबांना पुरवली होती. आणि मालन आतल्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तिथे धूर अजिबात नव्हता.

मला राग आला, आणि वाईटही वाटलं. राग यासाठी की सगळ्या आळीने मला वेड्यात काढलं होतं. आणि वाईट यासाठी की मेजर ज्या तन्मयतेने ते पान खात होता ते बघून माझे वडीलच मला आठवले, आणि मला त्याला थांबवता आलं नाही.

सर्वपित्रीला साहेब अचानक परतले. माझ्या तारांनी त्यांची झोप उडाली होती. थेट बंगल्यावर बोलावणं आलं. मी मेजरला घेऊन गेलो, आणि जाताना मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. मयेकर आधीच तिथे होता, खोकला बरा झालेला. साहेबांनी मेजरला दोन्ही हातांनी उचललं, आणि त्यांना तो खाली ठेवावा लागला, इतका तो जड झाला होता. केस तुळतुळीत, डोळे स्वच्छ. साहेब खूश झाले. त्यांनी खानसाम्याकडून मटणाची बशी मागवली आणि मेजरपुढे ठेवली.

मेजर बसला. पाय जुळवले, कान मागे घेतले आणि वाट बघू लागला.

साहेब म्हणाले, "खा." मेजर हलला नाही. साहेबांनी शीळ घातली, इंग्रजीत विनवणी केली, बशी नाकाशी नेली. मेजरने त्यांच्याकडे सौम्य नापसंतीने पाहिलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "सुर्वे, हा भोजन का करत नाही? तुम्ही माझ्या कुत्र्यास काय केले आहे?"

मयेकर पुढे सरकला. माझी खुर्ची, मांडवीचा वारा, वडलांचं घर, सगळं त्या बशीत पडलेलं मला दिसत होतं. खरं सांगावं तर साहेबांच्या कुत्र्याला मी आळीच्या पितरांच्या पंक्तीला बसवलं असं सांगावं लागणार. मी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, हातावर पाणी घेतलं, आणि विलायती गालिच्यावर गुडघे टेकून बशीभोवती फिरवलं. मेजरने मान खाली घातली आणि बशी चाटूनपुसून साफ केली.

मग साहेबांनी माझा हात हातात घेतला.

"सुर्वे," ते म्हणाले, "तुम्हास जनावरांची भाषा अवगत आहे. मी तुमच्या तारा खेडच्या डॉक्टरांस वाचून दाखविल्या. ते म्हणाले, अशी सूक्ष्म दृष्टी आम्हांपाशी नाही. असा मनुष्य खुर्चीवर बसविणे हा अपव्यय आहे."

मयेकरला खुर्ची मिळाली. त्याला जनावरांतलं काही कळत नाही, तेव्हा त्याचा दुसरा उपयोग नाही, असं साहेबांनीच सांगितलं. मला बढती देऊन खेडला पाठवण्यात आलं. बुळकांडीच्या बंदोबस्तासाठी गावोगाव फिरून गुरांच्या शेणाची पाहणी करायची आणि रोजची हकीकत कळवायची. हुकमात 'विशेष पात्रता लक्षात घेऊन' असे शब्द आहेत.

आई शेवटी आलीच आमच्याबरोबर. तिच्याशिवाय मी काय जेवणार, असं म्हणाली. पुढच्या भाद्रपदात वडलांचा म्हाळ आम्ही खेडला घातला. कावळा शिवला, गाईने खाल्लं, आणि आई कुत्र्याचं पान घेऊन बाहेर गेली. खेडमध्ये कुत्र्यांना तोटा नाही. ती हातावर पाणी घेते न घेते तोच तिघे-चौघे धावून आले आणि पान फाडून घेऊन गेले. आई रिकामा तांब्या घेऊन दारात उभी राहिली.

"इथली अधाशीच मेली," ती म्हणाली. "साहेबाच्या कुत्र्याला कसं वळण होतं. आणि तुझे वडील काय ते त्याच्याचकडून पोटभर जेवले हो."

मी छत्री घेतली, छडी घेतली, आणि कामावर निघालो.